दांडा दीड मिलिमीटर खचला, म्हणजे खुबा सैल झाला का?

प्रश्न : आईचे वय ७१. चौदा महिन्यांपूर्वी अंगणात पाय घसरून पडली, मांडीच्या हाडाची मान मोडली आणि पूर्ण खुबा बदलावा लागला. सांधा सिमेंट वापरून बसवला आहे. आज ती काठीशिवाय देवळापर्यंत जाऊन येते, दुखत काही नाही. पण वर्षाच्या तपासणीच्या एक्स-रे रिपोर्टमध्ये ‘स्टेम १.५ मिमी खाली सरकले आहे’ असे लिहून आले. ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणाले, ‘हे चालायचेच.’ दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, ‘सैल होतेय, पुन्हा ऑपरेशनची तयारी ठेवा.’ धाकटी बहीण म्हणते, सिमेंट ही जुनाट पद्धत, पैसे वाचवायला गेलो म्हणून असे झाले. पुढच्या महिन्यात सासूबाईंचाही (वय ७४) झिजलेला खुबा बदलायचा आहे. आईचे पुन्हा ऑपरेशन करावे का? आणि सासूबाईंना सिमेंटचा सांधा नको म्हणावे का?

उत्तर : ताई, आधी धीर धरा. दुखत नसलेल्या आणि काठीशिवाय चालणाऱ्या माणसाचा सांधा रिपोर्टमधल्या एका आकड्यावरून पुन्हा उघडत नाहीत. दोन डॉक्टरांपैकी कुणीतरी एक चुकतोय असे तुम्ही धरून चालला आहात. तसे असेलच असे नाही. दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या घडणीचे स्टेम असू शकते, आणि त्या दोन घडणींत दीड मिलिमीटरचा अर्थ अगदी उलटा लागतो. म्हणून पहिले काम हे की आईच्या खुब्यात नेमके कोणते स्टेम आहे ते शोधा.

स्टेम म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरवलेला धातूचा दांडा. त्याच्या डोक्यावर गोळा बसतो आणि गोळा कमरेच्या वाटीत फिरतो. प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, माप, ऑफसेट (गोळा दांड्यापासून किती बाजूला आहे ते अंतर) आणि लॉट नंबर छापलेला असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये त्या रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवतात. डिस्चार्ज कार्डावर नसतील तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन ‘ऑपरेशन नोट आणि इम्प्लांट स्टिकर’ यांची प्रत मागा. तो रुग्णाचा हक्क आहे, संकोच करू नका. २०१० साली डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुबा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा भारतातल्या कित्येक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. ती चिकटपट्टी त्या दिवशी लाखमोलाची ठरली असती.

आता घडणीकडे वळू. सिमेंट हा शब्दच थोडा फसवा आहे. हाडांचे सिमेंट हे एक ॲक्रिलिक प्लास्टिक आहे, दातांच्या कवळीत वापरतात त्याच जातीचे. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ साली आजच्या खुब्याचा पाया घातला, तेव्हा हे सिमेंट दंतवैद्यकातूनच आले होते. ते चिकटत नाही, गोंदासारखे काम करत नाही. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात दाबाने शिरते आणि तिथे घट्ट होऊन अडकून बसते, जसा दगडांच्या फटींत चुना बसतो. त्याचा स्वभावही चुन्यासारखाच: दाबले तर खूप सोसते, ताणले की तडकते. शिवाय सतत भार असेल तर ते वर्षानुवर्षे अगदी संथपणे आकार बदलत राहते. डॉक्टर याला क्रीप म्हणतात.

या स्वभावाशी कसे वागायचे, याची दोन उत्तरे स्टेम घडवणाऱ्यांनी दिली आहेत.

एक उत्तर पाचरीचे. स्टेम आरशासारखे गुळगुळीत, वरून खाली निमुळते आणि खांद्याशी, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाशी, कॉलर (हाडावर टेकणारी कडा) नसलेले. ते सिमेंटला चिकटावे अशी अपेक्षाच नाही. चालताना भार आला की ते सिमेंटमध्ये किंचित खाली उतरते आणि पाचर जशी ठोकल्यावर जास्त घट्ट होते तसे घट्ट बसते. खाली जाणारा भार चहूबाजूंच्या दाबात बदलतो, म्हणजे सिमेंटला जे सोसते तेच त्याच्या वाट्याला येते. एक्सेटर हे या घराण्याचे सर्वांत प्रसिद्ध स्टेम. सर्जन रॉबिन लिंग आणि अभियंता क्लाइव्ह ली यांनी ते घडवले आणि १९७० साली इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात पहिल्यांदा बसवले गेले.

दुसरे उत्तर एकजीव करण्याचे. स्टेम, सिमेंट आणि हाड यांनी मिळून एकच तुळई व्हावी, कुठेही सरकू नये. त्यासाठी पृष्ठभाग मॅट, म्हणजे किंचित खडबडीत ठेवतात, खांद्याशी कॉलर देतात, आकार हाडाच्या वळणाला धरून घडवतात. स्वीडनमध्ये वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर बसवले गेलेले लुबिनस एसपी टू हे अशा स्टेमचे उत्तम उदाहरण. त्याचेही दीर्घकाळाचे निकाल चांगले आहेत.

म्हणजे दोन्ही वाटा चालतात. घात होतो तो दोन्ही वाटांचे अर्धे-अर्धे उचलल्यावर, आणि हे एक्सेटरच्याच बाबतीत घडले. सुरुवातीचे काही दांडे मोडले, म्हणून १९७६ साली जास्त मजबूत पोलाद घेतले आणि त्याच वेळी पृष्ठभाग मॅट केला. आकार जवळपास तोच राहिला. मॅट म्हणजे किती, तर सुमारे १ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) खडबडीतपणा, बोटाला जेमतेम जाणवावा इतका. पुढच्या वर्षांत या मॅट स्टेमची सैल होण्याची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. कारण सरळ आहे. निमुळते स्टेम उतरणारच. गुळगुळीत असेल तर ते अलगद उतरते. खडबडीत असेल तर उतरताना कानशीप्रमाणे सिमेंट घासते. घासलेला भुगा आणि सांध्यातले पाणी त्या फटीतून खाली पंपासारखे ढकलले जाते, भुग्यावर शरीर चवताळते आणि आजूबाजूचे हाड खाऊन टाकते. १९८६ साली स्टेम पुन्हा गुळगुळीत केले आणि तो त्रास ओसरला. माझ्या मते खुब्याच्या स्टेमबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. पृष्ठभाग, आकार आणि कॉलर हे सुटे सुटे चांगले-वाईट नसतात, त्यांचे एकमेकांशी जुळावे लागते.

आता आईच्या दीड मिलिमीटरकडे येऊ. एक्सेटरसारखे पाचर स्टेम पहिल्या दोन वर्षांत साधारण १ ते १.५ मिमी खाली उतरते. त्यातला मोठा भाग पहिल्याच वर्षात उतरतो, मग वेग मंदावत जातो. आईचे स्टेम या जातीचे असेल तर तुमच्या सर्जनांचे ‘चालायचेच’ हे शब्द अगदी बरोबर आहेत. पण स्टेम एकजीव जातीचे असेल तर दुसऱ्या डॉक्टरांची काळजीही खरी आहे. १९९४ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा घडणीची स्टेम दोन वर्षांत १.२ मिमी किंवा त्याहून जास्त खचली असतील, तर पुन्हा ऑपरेशन होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त दिसली होती.

मात्र त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ते खरोखर १.५ मिमी सरकले आहे का? स्वीडनच्या अभ्यासात हाडात बारीक धातूचे मणी बसवून खास पद्धतीने मोजले होते, तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत विश्वास ठेवता येतो. साध्या एक्स-रेवर पट्टी लावून मोजताना एक-दोन मिलिमीटरची चूक सहज होते. पाय थोडा बाहेर वळला, यंत्राचा कोन बदलला की आकडा बदलतो. एक्स-रेमध्ये सगळे थोडे मोठेही दिसते. त्यावर उपाय आहे. गोळ्याचे खरे माप चिकटपट्टीवर असते. समजा ते २८ मिमी आहे आणि एक्स-रेवर गोळा ३२ मिमी भरतो. मग त्या चित्रातले प्रत्येक अंतर २८ भागिले ३२, म्हणजे ०.८७५ ने गुणायचे. एक्स-रेवरचे १.५ मिमी प्रत्यक्षात १.३ ठरेल. दोन एक्स-रे वेगवेगळ्या प्रमाणात मोठे झाले असतील आणि कुणी ही दुरुस्ती केलीच नसेल, तर तुलना मुळातच फसते.

म्हणून रेडिओलॉजिस्टकडे मोबाइलवर काढलेला फोटो नेऊ नका, एक्स-रेची सीडी न्या. तुलना शेवटच्या दोन एक्स-रेंची नको, ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेशी करायला सांगा. नवा एक्स-रे काढताना दोन्ही पायांचे अंगठे सुमारे १५ अंश आत वळलेले असावेत आणि चित्रात स्टेमचे खालचे टोक व त्याखालचे सिमेंट पूर्ण यावे. बाजूने काढलेलाही एक हवा.

मग विचारा: सरकले आहे ते काय? हा प्रश्न आकड्यापेक्षाही मोठा आहे. स्टेम सिमेंटमध्ये उतरले असेल तर वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, स्टेमचा खांदा आणि सिमेंट यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसते. पाचर स्टेममध्ये ती रेघ उतरण्याची खूण आहे, आजाराची नाही. त्याच स्टेमच्या टोकाखाली एक छोटी पोकळ जागाही दिसायला हवी. टोकावर पोकळ टोपी बसवलेली असते, स्टेमला उतरायला जागा मिळावी म्हणून. ती टोपी बसवली नसेल आणि टोक सिमेंटवर टेकले असेल, तर पाचर ठोकली जात नाही, सगळा भार टोकावर येतो. याउलट सिमेंटच हाडात खाली सरकले असेल, सिमेंट आणि हाड यांच्यामधली काळी रेघ दर एक्स-रेला लांब-रुंद होत असेल, सिमेंटला तडा असेल किंवा स्टेम बाजूला कलंडत असेल, तर कोणत्याही घडणीत ते वाईटच.

लक्षणांकडेही तुमचे लक्ष हवे. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या काही पावलांना मांडीत दुखते आणि चालू लागले की कमी होते, ही सैल स्टेमची नेहमीची तक्रार. रात्री, आराम करतानाही ठणकत असेल, जखमेतून पाणी येत असेल, ताप येत असेल तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर या साध्या रक्तचाचण्या आधी करतात. आईला यातले काहीच नाही, ही मोठी जमेची बाजू आहे.

स्टेम पाचर जातीचे निघाले तर पुढचा एक्स-रे वर्षाने काढला तरी चालेल. एकजीव जातीचे निघाले तरी लगेच ऑपरेशन नको. वरच्या पद्धतीने नीट मोजलेला एक्स-रे, रक्तचाचण्या, आणि तीन ते सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने दुसरा एक्स-रे, इतके करून सर्जनांसोबत बसा. सरकणे थांबले आहे की चालू आहे, यावर निर्णय ठरतो. कुणी स्टेमचे नावही न विचारता पुन्हा ऑपरेशनची तारीख देत असेल, तर तिसरे मत जरूर घ्या.

बहिणीच्या म्हणण्यात माया आहे, पण त्यातली समजूत दुरुस्त करायला हवी. सिमेंट नसलेल्या स्टेमवर हाड स्वतः वाढून धरते. त्यासाठी हाडाला जोम लागतो आणि बसवताना ते पोकळीत घट्ट ठोकावे लागते. पातळ, ठिसूळ हाड या ठोकण्यात तडकू शकते, किंवा पुढच्या काही आठवड्यांत मोडू शकते. मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या साठीपुढच्या रुग्णांवर इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली. तिथे पूर्ण नव्हे, अर्धा सांधा बदलला होता. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. इम्प्लांटभोवतीचे हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के आणि बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के होते. जगण्याची प्रतही सिमेंटच्या गटात चांगली होती. पडून मान मोडलेल्या सत्तरीच्या बाईला सिमेंटचा सांधा बसवणे ही काटकसर नव्हे, आजच्या पुराव्यानुसार योग्य निवड आहे. पैसे वाचवले म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

सिमेंटला त्याची जोखीम आहेच. दाबाने भरताना काही रुग्णांचा रक्तदाब आणि प्राणवायू एकदम खाली येतो. म्हणून हृदय-फुप्फुसांचा त्रास असेल तर तो भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचा आणि सिमेंट भरण्याच्या क्षणाची त्यांना आगाऊ सूचना मिळायला हवी. आणखी एक गोष्ट पाचर स्टेमच्या चाहत्यांनीही मान्य करावी. पडल्यावर ती पाचर लाकूड फोडावे तसे हाड उभे फोडू शकते. एकजीव स्टेमपेक्षा पाचर स्टेमच्या भोवती हाड मोडण्याचे प्रमाण जास्त असते. सगळ्या पाचरी सारख्याही नसतात. सीपीटी नावाच्या कोबाल्ट-क्रोमच्या पॉलिश स्टेममध्ये हे प्रमाण तुलनेच्या स्टेमपेक्षा जास्त दिसले, म्हणून ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२४ साली सावधगिरीची सूचना काढली.

म्हणून आईसाठी मला सरकण्यापेक्षा पडण्याची काळजी जास्त वाटते. एकदा साध्या पडण्यात मान मोडली, म्हणजे हाडे विरळ झाली आहेत असे धरूनच चालायचे. त्यासाठीचे औषध आईला चालू आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. खुबा बसवला आणि हाडांचे औषध राहून गेले, असे घरोघरी दिसते. कॅल्शियमच्या गोळ्या म्हणजे ते औषध नव्हे. ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे इंजेक्शन, यांपैकी काय योग्य ते पुढच्याच भेटीत विचारा. न्हाणीघरात संडासाशेजारी भिंतीला पक्की पकडदांडी, रात्री दिवा, अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीला ब्लीचिंग पावडर, आणि डोळ्यांची तपासणी. जमिनीवर मांडी घालून बसणे, भारतीय बैठकीचा संडास आणि सखल पाट बंद ठेवा. खाली बसून उठताना स्टेमवर मागे पिळणारा जोर येतो, आणि स्टेमची खरी परीक्षा सरळ भारापेक्षा या पिळण्यात होते. म्हणूनच गोल काप असलेल्या दांड्यांपेक्षा चौकोनी किंवा लंबगोल कापाचे दांडे चांगले टिकतात. शिवाय त्या बैठकीत गोळा वाटीतून निसटण्याचीही भीती असते.

सासूबाईंसाठी ‘सिमेंट हवे की नको’ हा प्रश्न सोडून वेगळे प्रश्न घेऊन जा. तुम्ही कोणते स्टेम नेहमी वापरता? त्याचे किमान दहा वर्षांचे निकाल राष्ट्रीय नोंदवह्यांत आहेत का? ब्रिटनमध्ये ओडेप ही समिती स्टेमला ‘१०ए*’, ‘१५ए*’ अशी श्रेणी देते. आकडा वर्षांचा, अक्षर पुराव्याच्या भक्कमपणाचे आणि तारा पुन्हा ऑपरेशनचे प्रमाण कमी असल्याचा. ‘अगदी त्याच्यासारखेच, पण स्वस्त’ असे स्टेम सुचवले तर सावध राहा. १९९१ ते १९९७ या काळात ब्रिटनमध्ये चार्नलीच्या सांध्याशी साधर्म्य असलेला, कमी किमतीचा ‘कॅपिटल हिप’ हजारो रुग्णांना बसवला गेला. तो अपेक्षेपेक्षा फार लवकर सैल होऊ लागला आणि १९९८ साली सरकारी इशारा द्यावा लागला. दिसण्यात सारखे म्हणजे वागण्यात सारखे नव्हे. सिमेंटसोबत टायटॅनियमचा दांडा सुचवला तर कारण विचारा. टायटॅनियम पोलादाच्या जवळपास निम्म्याइतकेच ताठ असते. दांडा जास्त वाकतो, आणि तो ताण तडकणाऱ्या सिमेंटवर जातो. बिनसिमेंटच्या सांध्यात हेच टायटॅनियम उत्तम चालते.

त्याच वेळी, सर्जनांचा हात ज्या स्टेमवर बसला आहे ते सोडून ऐकीव नावाचा आग्रह धरू नका. सिमेंटचा सांधा टिकतो तो निम्मा भरण्याच्या हातोटीवर. पोकळीत स्टेमच्या टोकाखाली दीड-दोन सेंटिमीटरवर बूच बसवायचे. जाळीदार हाड फवाऱ्याने धुऊन रक्त-चरबी काढायची आणि कोरडे करायचे. प्रत्येकी ४० ग्रॅम पावडर आणि २० मिली द्रव अशी सहसा दोन पाकिटे निर्वातात कालवायची, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. गनने तळापासून वर भरत यायचे, वरून सील लावून दाब द्यायचा, मग स्टेम मधोमध उतरवून सिमेंट घट्ट होईपर्यंत हात न हलवता धरायचे. खोली जितकी गरम तितके ते लवकर घट्ट होते, म्हणून थिएटरचे तापमानही महत्त्वाचे. सगळीकडे सिमेंटचा थर साधारण २ ते ३ मिमी यावा. स्टेम तिरके जाऊन कुठे हाडाला टेकले की तिथेच पुढे तडा जातो. ‘तुमच्याकडे गन, बूच आणि फवारा वापरतात का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगल्या सर्जनला तो आवडतोच.

आणि ऑपरेशननंतर सासूबाई पहिल्यांदा उभ्या राहतील त्या सुमारास काढलेल्या एक्स-रेची सीडी, चिकटपट्ट्यांची प्रत आणि ऑपरेशन नोट, तिन्ही एका पाकिटात घालून घरी जपून ठेवा. आईसाठीही तेच पाकीट या आठवड्यात तयार करा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्टच्या आधी ते पुढे ठेवा.